शब्द नीट ऐकू यावेत म्हणून

तुमच्या घरी टीव्हीवर चित्रपट चालू असतो तेव्हा रिमोट कोणाच्या हातात असतो? ज्याच्या हातात असतो, त्याचा अंगठा सारखा हलत असतो. पडद्यावरची माणसे बोलू लागली की तो आवाज वाढवतो. गाणे किंवा मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करतो. हा खेळ आमच्या घरी रोज चालत असे. नंतर तो बंद करावा लागला, कारण ज्यांच्यासाठी आवाज वाढवायचा, ते अब्बाच उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसू लागले.

माझ्या अब्बांनी तीस वर्षे यंत्रमाग चालवला. मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. तिथे माणसे तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलतात. अब्बांना जुन्या चित्रपटांची फार आवड. 'मुग़ल-ए-आज़म' तर त्यांना जवळजवळ पाठ आहे. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही नवा मोठा टीव्ही आणला, आणि तेव्हापासून ते म्हणू लागले, "आवाज येतो बेटा, पण शब्द येत नाहीत." नवा टीव्ही, चित्र आरशासारखे स्वच्छ, आणि शब्द येत नाहीत! मी शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. धाकट्या भावाने आय.टी.आय.मध्ये वायरमनचा अभ्यासक्रम केला आहे. आम्ही दोघांनी ठरवले, की घरात चित्रपटगृहासारखी ध्वनियोजना बसवायची. इंग्रजीत तिला होम थिएटर म्हणतात. ती बसवताना आम्ही काय शिकलो आणि कोठे चुकलो, ते तुम्हांला सांगते.

प्रथम अब्बांच्या तक्रारीचा अर्थ समजून घेऊ. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. ढोलाचा आवाज खाली, ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे मधल्या भागात असतात आणि चांगले जोरदार असतात. पण स, श, फ, त यांसारखी व्यंजने २,००० हर्ट्झच्या वरच्या भागात असतात आणि फार नाजूक असतात. उर्दूतले सीन, शीन आणि फे म्हणून पाहा. तोंडातून नुसती हवा जाते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाचा कान सर्वांत आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास कमजोर होतो. मग 'साथ', 'हाथ' आणि 'बात' हे तिन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. आवाज येतो, शब्द येत नाही. अब्बांनी एका वाक्यात सगळे सांगितले होते. आम्हांला ते कळायला वेळ लागला.

आम्ही त्यांना मेडिकलमध्ये नेऊन कान तपासून घेतले. नागपुरात मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे तुम्हांला माहीत आहेच. तिथे मिळालेल्या आलेखात ४,००० हर्ट्झजवळ रेघ एकदम खाली उतरलेली होती. डॉक्टरांनी श्रवणयंत्राचा सल्ला दिला आणि ते घेतलेही. स्पीकर हे कानाचे औषध नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण तो आलेख मी जपून ठेवला. स्पीकर निवडताना मला त्याचा फार उपयोग झाला.

आता टीव्हीकडे वळू. जुने टीव्ही पेटीसारखे खोल होते. त्यांत बऱ्यापैकी मोठा स्पीकर मावत असे आणि त्याचे तोंड बहुधा समोर असे. आताचा टीव्ही पातळ असतो. त्यात लहानसे स्पीकर बसवतात आणि बहुतेक वेळा त्यांची तोंडे खाली किंवा मागे असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. या प्रवासात नाजूक व्यंजने सर्वांत आधी पुसट होतात.

चित्रपटगृहात असे होत नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला. तेव्हापासून एक गोष्ट कायम आहे. बोलण्याचा आवाज पडद्याच्या दिशेने आला पाहिजे. म्हणून चित्रपटगृहाच्या पडद्याला हजारो बारीक छिद्रे असतात. दुरून ती दिसत नाहीत, पण पडद्यामागे ठेवलेल्या स्पीकरचा आवाज त्यांतून सरळ प्रेक्षकांकडे येतो. १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरच्या फितीवर आला, तेव्हा आवाजासाठी सहा वेगळे मार्ग वापरले गेले. पडद्याच्या डाव्या-उजव्या अंगाने आणि सभागृहातूनही आवाज येऊ लागला. तरी संवादांची जागा मध्यभागीच राहिली.

दुकानात खोक्यावर ५.१ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. त्याचा अर्थ असा: समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, आपल्या दोन्ही बाजूंना किंचित मागे दोन स्पीकर, असे पाच. दशांश चिन्हापुढचा एक म्हणजे फक्त खालच्या गंभीर आवाजांसाठी ठेवलेली मोठी पेटी, सबवूफर. त्या मार्गावर १२० हर्ट्झच्या वरचा आवाज पाठवत नाहीत, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता दशांश एक म्हणतात. त्याच खोक्यावर बहुधा डॉल्बी हे नावही असते. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते होते. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्या देशात राहिले होते. येथून गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. ध्वनिफितीतून येणारी 'सूंऽऽ' अशी खरखर कमी करण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर पसरली.

आम्ही मात्र पाच स्पीकर घेतले नाहीत. तेवढे पैसेच नव्हते. आणि नव्हते ते बरेच झाले.

भाऊ बर्डीच्या बाजारात चौकशी करून आला. एका दुकानदाराने त्याला हजारो वॉटची चकचकीत पेटी दाखवली होती. स्वस्तही होती. भाऊ हरखून गेला होता. मी त्याला विचारले, "तिच्या अडॅप्टरवर काय लिहिले आहे?" १२ व्होल्ट, २ अँपिअर. आता तुम्ही शाळेत शिकलेले सूत्र आठवा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. १२ गुणिले २, म्हणजे २४ वॉट. विहिरीत चोवीस बादल्या पाणी असताना हजार बादल्या निघतील कशा? खोक्यावर पी.एम.पी.ओ. असे लिहून जो मोठा आकडा छापतात, तो क्षणभराच्या काल्पनिक जोराचा असतो. सतत मिळणारा खरा जोर आर.एम.एस. या अक्षरांपुढे लिहिलेला असतो. तोच वाचावा. आणि वॉटला फार भुलू नये. साधा चांगला स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर सुमारे ८८ डेसिबल आवाज देतो. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. घरात बसून संवाद ऐकायला एक वॉटही पुरून उरतो.

शेवटी आम्ही जुन्या सामानाच्या दुकानातून एक स्टीरिओ अँप्लिफायर आणि दोन लाकडी पेट्यांचे स्पीकर आणले. सगळे मिळून ३,२०० रुपये पडले. भावाने तारा जोडल्या, टीव्हीला जोडणी केली, आणि आम्ही सगळे मोठ्या आशेने बसलो. आवाज अगदी विचित्र आला. ढोलकी गायबच झाली. गाणारी व्यक्ती कोठे उभी आहे हेच कळेना. भाऊ म्हणाला, "दुकानदाराने फसवले." दुकानदाराने फसवले नव्हते. आमचीच चूक होती.

प्रत्येक स्पीकरला दोन टोके असतात, एक धन आणि एक ऋण. अँप्लिफायरचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला जोडायचे असते. आमच्या एका पेटीची टोके उलटी जोडली गेली होती. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे आला की दुसऱ्याचा मागे जाई. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. खालचे आवाज एकमेकांना पुसून टाकतात. पेटीवरचा लाल रंग उडून गेला असेल तर कसे ओळखावे? अँप्लिफायर बंद करून तारा सोडवा. १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या. मोठ्या स्पीकरच्या टोकांना तो क्षणभरच टेकवा. पडदा बाहेर आला, तर सेलचे धन टोक ज्याला लागले ते स्पीकरचे धन टोक. पडदा आत गेला तर उलट. हा प्रयोग मी आता वर्गात दरवर्षी दाखवते. मुलींना तो लोहचुंबकाच्या धड्यापेक्षा जास्त आवडतो.

आवाज सुधारला, पण अब्बा अजून ओट्यावरच होते. त्यांना खूप आग्रह करून आत आणले. पाच मिनिटे बसले आणि म्हणाले, "तुम्हांला चांगले वाटते ना, मग झाले." हे ऐकून फार वाईट वाटले.

त्या रात्री मी त्यांच्या जागेवर, त्यांच्या तख्तावर जाऊन बसले. हे आधीच करायला हवे होते. तख्त उजव्या कोपऱ्यात, खिडकीला लागून होते. दोन स्पीकर सारख्याच अंतरावर असले तरच मधोमध उभा असलेला माणूस मधोमध बोलतो असे वाटते. ती कानाची एक गंमत आहे, मध्ये खरे तर काहीच नसते. तुम्ही एका बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि कान सगळा आवाज त्याच्याच नावावर टाकतो. एका मिलिसेकंदात आवाज सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेवढा फरकही पुरतो. अब्बा तर उजव्या स्पीकरच्या कितीतरी जवळ होते.

आणि खिडकीत होता कूलर! मे महिना होता. नागपूरचा मे महिना तुम्हांला वेगळा सांगायला नको. पारा ४५ अंशांपर्यंत गेला, की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून कूलर दिवसरात्र चालवावा लागतो. त्याचा पंखा घोंघावत असतो. त्या घोंगावण्यात बोलण्यातली व्यंजने बुडून जातात. आपण आवाज वाढवतो, तेव्हा व्यंजनांबरोबर ढोलही वाढतो आणि ढोल पुन्हा व्यंजनांना झाकतो. मराठीत 'कानोसा घेणे' असा एक छान वाक्प्रचार आहे. शांत राहून, लक्ष देऊन ऐकणे असा त्याचा अर्थ. कूलरच्या शेजारी बसून कोणी कानोसा घेऊ शकत नाही.

तख्त टीव्हीच्या समोर, कूलरपासून दूर आणले. कूलरच्या पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, त्यामुळे खिडकीच्या गजांची थरथर थांबली. चित्रपटाच्या वेळी पंखा कमी वेगावर ठेवायचे ठरले. यात एक रुपयाही खर्च झाला नाही, आणि आमच्या सबंध योजनेत याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेही झाला नाही.

मग खोलीचा विचार केला. आमची खोली बारा फूट लांब. विटांच्या भिंती, गुळगुळीत गिलावा, खाली फरशी. अशा खोलीत मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असा मागे रेंगाळणारा आवाज आला, तर समजा की प्रत्येक शब्दाच्या मागे त्याची सावली चालते आहे. अमर बोस यांची गोष्ट येथे आठवते. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते. १९५६ साली विद्यार्थी असताना अमर बोस यांनी एक चांगला स्टीरिओ संच घेतला आणि तो ऐकून ते निराश झाले. कागदावर सगळे आकडे उत्तम, मग कानाला का बरे वाटत नाही? या प्रश्नाचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. मैफलीच्या सभागृहात आपल्याकडे येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून येतो, हे त्यांच्या संशोधनाचे एक मुख्य सूत्र होते. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. सभागृहातला परतलेला आवाज संगीताला भरीव करतो. आमच्या बारा फुटी खोलीतला मात्र संवादाला गढूळ करत होता.

आम्ही फरशीवर जाड सतरंजी अंथरली. समोरच्या भिंतीवर अम्मींची जुनी रजई पडद्यासारखी टांगली. अम्मी प्रथम रागावल्या, मग त्यांनीच तिला कापडाचे आवरण शिवले. टाळीचा 'टण्ण' गेला. 'टप्' राहिला.

यानंतर सहा महिन्यांनी आम्ही पहिली मोठी खरेदी केली. पाच मार्गांचा आवाज वेगळा करणारा जुना रिसीव्हर आणि फक्त एक मधला स्पीकर. चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद या मधल्या मार्गावर असतात. घरच्या टीव्हीला छिद्रे नसतात, म्हणून हा स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवला आणि त्याचे तोंड थोडे वर, अब्बांच्या कानाकडे केले. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. मधला ३ डेसिबल वाढवला. त्या आलेखाकडे पाहून वरचे आवाज किंचित वाढवले, खालचे कमी केले. थोडेच बरे का! वरचे आवाज फार वाढवले तर घरातल्या बाकीच्यांच्या कानांत सुया टोचतात.

रिसीव्हर तापतो. त्याला बंद कपाटात ठेवू नका. वर चार बोटे तरी मोकळी जागा हवी. आमच्याकडे कोणीतरी त्यावर विणलेला रुमाल घातला होता, शोभेसाठी. तो मी लगेच काढला. कूलरच्या ओल्या वाऱ्याच्या झोतातही तो ठेवू नये, जोडण्यांना गंज चढतो.

सबवूफर ही भावाची हौस. ती त्याने स्वतःच्या पैशांनी पुरी केली. पेटी कोपऱ्यात ठेवताच सबंध खोली घुमू लागली. याचेही गणित आहे. बारा फूट म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. आवाज जाऊन परत येतो ते अंतर सुमारे ७.३ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार करा, ४७ येतो. म्हणजे ४७ हर्ट्झचा आवाज आमच्या खोलीत अडकून झुलत राहतो, काही ठिकाणी फार मोठा आणि काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा. योग्य जागा शोधण्याची युक्ती मजेदार आहे. पेटी तख्तावर, ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायची, गाणे लावायचे आणि आपण खोलीभर रांगायचे. जिथे खालचा आवाज समान आणि स्वच्छ वाटेल, तिथे पेटी ठेवायची. भाऊ रांगत होता तेव्हा शेजारच्या चाची दारात आल्या होत्या. त्यांनी काय समजून घेतले कोण जाणे.

पण चाची आल्या होत्या त्या वेगळ्याच कामासाठी. आमची आणि त्यांची भिंत एक. पलीकडे त्यांचा मुलगा बारावीचा अभ्यास करीत होता. त्या म्हणाल्या, "बेटी, तुमचे बोलणे इकडे येत नाही, नुसता धब्-धब् येतो." वरचे आवाज भिंत अडवते. खालचे आवाज भिंतीलाच हलवून पलीकडे जातात. आपल्याला गंमत वाटते ती त्यांना डोकेदुखी. मला लाज वाटली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. पण चाचींनी नियम सांगितला नव्हता, विनंती केली होती. पेटी त्यांच्या भिंतीपासून दूर, जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवली आणि परीक्षा संपेपर्यंत तिची तारच काढून टाकली. भाऊ दोन दिवस गप्प होता.

तुमच्या कानांसाठीही एक आकडा सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. ९० डेसिबल असेल तर ४ तासच. अब्बांनी ते चार तास रोज सकाळीच संपवले, तीस वर्षे.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी आम्ही 'मुग़ल-ए-आज़म' लावला. हा चित्रपट १९६० चा. तेव्हा त्याचा सगळा आवाज एकाच मार्गावर होता. २००४ साली तो रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा आवाजही सहा मार्गांत नव्याने मांडला गेला. आम्ही हीच प्रत लावली होती. अब्बा तख्तावर बसले. पृथ्वीराज कपूर बोलू लागले. त्या भारदस्त उर्दूतला एकेक शीन आणि एकेक काफ वेगळा होऊन येत होता. आम्ही चित्रपट पाहत नव्हतोच, अब्बांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांचे ओठ संवादांबरोबर हलत होते. पाठच होते ना ते. मला वाटले, ऐकू येत आहे की आठवत आहे? विचारायचे धाडस झाले नाही.

शीशमहालातले गाणे सुरू झाले. भावाने सवयीने रिमोट उचलला. तेवढ्यात अब्बा म्हणाले, "थोडा कमी कर. पलीकडे चाचींना त्रास होईल."

मागचे दोन स्पीकर भावाने या दिवाळीच्या सुट्टीत आणले आहेत. ते अजून खोक्यातच आहेत, कारण तारा भिंतीवरून न्यायच्या की सतरंजीखालून, यावर त्याचे आणि अम्मींचे एकमत झालेले नाही.